कुर्डुवाडीहून ताडोबा, माघ महिन्यात

जायचं यावर घरात एकमत होतं. भांडण होतं ते महिन्यावरून.

मंडळी चार. कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपमधून निवृत्त झालेले अण्णा, त्यांची पत्नी आणि अमेरिकेहून सुट्टीवर आलेले मुलगा-सून. बेत असा, की पुण्याहून एक मोठी गाडी भाड्यानं आणायची, जिच्यात झोपता येतं, चहा-भात होतो, टाकीत पाणी असतं. आणि तिच्यातून ताडोबापर्यंत जायचं. वाटेत जी तळी, माळरानं, अभयारण्यं लागतील तिथं थांबायचं. अशा गाड्यांसाठी महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. जिथं पक्कं बांधकाम करता येत नाही तिथंही मुक्कामाची सोय व्हावी, ही त्यामागची एक कल्पना.

मुलाचं मत मे महिन्याचं. पाणवठे आटले की वाघ हमखास पाण्यावर येतो, हे त्यानं वाचलेलं. आईनं एका वाक्यात निकाल लावला : "मे महिन्यात पत्र्याच्या डब्यात झोपायचं? तू झोप बाबा, आम्ही आपले गच्चीवर बरे." सुनेला हिरवंगार हवं होतं, म्हणजे श्रावण-भाद्रपद. अण्णा बराच वेळ गप्प होते. मग ड्यूटीचा चार्ट लावावा तसं त्यांनी सांगून टाकलं, की रथसप्तमी झाली की निघायचं आणि महाशिवरात्रीच्या आत घरी.

मुलगा-सुनेनं यलोस्टोनमध्ये अशीच गाडी घेऊन भटकंती केली होती, त्यामुळे तुलना ओघानंच आली. तिथं हंगाम ठरवतो बर्फ. नोव्हेंबरच्या सुरुवातीपासून एप्रिलपर्यंत उद्यानातले बहुतेक रस्ते चाकाच्या गाड्यांना बंद असतात, म्हणून सगळी गर्दी जून ते सप्टेंबरात. कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीत उलटा प्रकार; तिथं उन्हाळ्यात गाडीत झोपणं म्हणजे जिवाशी खेळ, म्हणून लोक थंडीत जातात. आपल्याकडे बंदीचा हुकूम पावसाचा. व्याघ्र प्रकल्पांचा गाभा १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद. दुसरा फरक त्याहून मोठा. तिकडे अशी गाडी उद्यानाच्या आतल्या तळावर रात्र काढते, इथं खासगी गाडी गेटच्या बाहेर. आत जायचं ते नोंदणी झालेल्या जिप्सीतून, गाइड बरोबर घेऊन, आणि अंधार पडायच्या आत बाहेर. म्हणजे महाराष्ट्रात चाकांवरचं घर घेऊन निघालेल्या माणसाच्या रात्री जंगलात जात नाहीत, त्या जंगलाबाहेरच्या शेतशिवारात जातात. हंगाम निवडताना वाघाइतकंच ज्वारीचं, उसाचं, धरणाचं वेळापत्रक पाहावं लागतं ते यामुळे.

कुर्डुवाडीला वेळापत्रकाचं कौतुक नाही. गावच वेळापत्रकातून जन्मलं. मुंबई-सोलापूर मार्गावरच्या या स्टेशनाचं जुनं नाव बार्शी रोड. १८९७ मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं इथून बार्शीपर्यंत अडीच फुटी रुळांची बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. रूळ अरुंद, पण एकेका आसाचा भार इतका नेमका वाटलेला, की हा नमुना जगभरच्या छोट्या रेल्वेमार्गांसाठी आदर्श मानला गेला. ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली. (याच कॅलथ्रॉपनं पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं, हे कुर्डुवाडीत फारसं कुणाला ठाऊक नाही.) सरकारनं १९५४ मध्ये ही कंपनी ताब्यात घेतली आणि २००० नंतर टप्प्याटप्प्यानं सगळा मार्ग रुंद झाला. आषाढी-कार्तिकीला ही छोटी गाडी वारकऱ्यांनी टपापर्यंत भरायची. आजही आषाढात या बाजूच्या रस्त्यांवर गाडी घालायची नसते. दिंड्यांबरोबर तंबू, भांडी, शिधा लादलेले ट्रक असतात. घर चाकांवर घालून महिनाभर चालण्याची रीत इथं कॅराव्हॅनच्या कितीतरी आधीची.

माघात रस्त्यावर वारकरी नसतात, पण ऊस असतो. टेंभुर्णीकडे निघाल्यावर पहिल्याच दहा किलोमीटरांत ते कळलं. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रॉलीबाहेर लोंबणारी वाढी, आणि डांबरी रस्त्यावर रेघेनं चाललेल्या बैलांच्या टायरगाड्या. माढा तालुक्यात पिंपळनेरचा विठ्ठलराव शिंदे कारखाना आहे आणि सोलापूर हा राज्यातल्या सर्वाधिक साखर कारखान्यांच्या जिल्ह्यांपैकी एक. गाळप दिवाळीच्या आगेमागे सुरू होतं ते मार्चपर्यंत. बीड, धाराशिव, अहिल्यानगरकडून आलेली जोडपी, ज्यांना हिशेबात 'एक कोयता' म्हणतात, मुकादमाची उचल फेडत या काळात फडातल्या कोप्यांवर राहतात. एका टायरगाडीवर उसाच्या मोळ्यांच्या वर पत्र्याची पेटी, पाण्याचा ड्रम, दोरीनं बांधलेली दोन कोंबडी आणि त्यांच्यामध्ये एक पोर निवांत झोपलेलं. सूनबाईंनी फोटोसाठी फोन उचलला आणि परत ठेवून दिला.

रात्री या रस्त्यांवर चाक फिरवू नये, हा हंगामाचा पहिला नियम. बऱ्याच ट्रॉल्यांना मागं लाल दिवा सोडा, रिफ्लेक्टरही नसतो. दिवस मावळला की जिथं असू तिथं थांबायचं.

उजनीचं धरण माढा तालुक्यात, टेंभुर्णीजवळ. पण पक्षी पाहायचे तर जलाशयाच्या कडेकडेनं पश्चिमेला भिगवणच्या बाजूला कुंभारगावला जावं लागतं. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. पोटात सुमारे ११७ टीएमसी पाणी मावतं, पण त्यातलं निम्म्याहून जास्त मृत साठ्यात धरलेलं. त्यामुळे उजनीचा हिशेब बाहेरच्याला चक्रावून टाकतो. धरण शून्य टक्के झालं तरी समोर समुद्रासारखं पाणी दिसतं, आणि उन्हाळ्यात वर्तमानपत्रात 'उजनी मायनसमध्ये' अशी बातमी येते. फार खाली गेलं की जुन्या पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर पाण्याबाहेर येतं. मूळ मुंबई-सोलापूर लोहमार्गाचा एक तुकडाही या पाण्यात गेला आणि रेल्वेला नवा मार्ग आखावा लागला. अण्णांना पक्ष्यांपेक्षा त्याचीच चौकशी जास्त.

इथं जी गोष्ट कळली ती कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. रोहित पक्षी थंडी पडली की येतात, असं सगळे समजून होते. नावाडी हसला. हे नावाडी मूळचे मच्छीमार. पहाटे चिलापीची जाळी काढायची आणि उजाडल्यावर पाहुण्यांना फिरवायचं.

"थंडीचं काय न्हाई, काका. पाणी उतरल्याबिगर फ्लेमिंगो यायचा न्हाई. पाय लांब असलं म्हणून काय धरणाएवढं हायत का?"

रोहित चिखलात उभा राहून चोच उलटी घालून गाळ गाळतो. दिवाळीत धरण काठोकाठ असतं, त्याला उभं राहायला जागा नसते. मग कालव्याला आवर्तनं सुटतात, सोलापूरला प्यायला नदीतून पाणी सोडलं जातं, कडेचा गाळ उघडा पडतो आणि तेव्हा कुठं गुलाबी थवे उतरतात. म्हणजे रोहितांची तारीख थंडी जितकी ठरवते तितकीच पाटबंधारे खात्याची बैठकही. चांगला पाऊस झालेल्या वर्षी ते उशिरा दिसतात, तुटीच्या वर्षी लवकर. डिसेंबरात येऊन रिकाम्या हातानं परतणाऱ्या पुणेकरांना हे कुणी सांगत नाही.

माघात मात्र सगळं जमून आलेलं असतं. नाव वल्ह्यानं सरकत होती. पाण्यातून वर आलेल्या मेलेल्या बाभळींवर पाणकावळे पंख वाळवत होते. पुढं चक्रवाकांची जोडी, त्यापलीकडे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले राजहंस, जे हिमालय ओलांडून येतात आणि इथं काठच्या हरभऱ्यात चरतात. रोहित सगळ्यांत शेवटी, उथळ गाळात. मान खाली, पाय जागच्या जागी थयथय नाचवत, तळाचा चिखल ढवळत. एक मोरघार मासा पायात धरून डोक्यावरून गेली, तशी आईनं इतक्या मोठ्यांदा "अगंबाई!" म्हटलं, की थवा चार पावलं पुढं सरकला.

त्या रात्री गाडी एका शेतकऱ्याच्या वस्तीवर, परवानगी काढून, लिंबाच्या झाडाखाली उभी राहिली. या गाड्यांचं एक गुपित असं, की त्या थंडीतच राहण्याजोग्या असतात. उन्हाळ्यात दिवसभर तापलेला पत्रा मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि बॅटरीवर रात्रभर एसी चालवणं बहुतेक गाड्यांच्या कुवतीबाहेरचं. सोलापूर जिल्ह्यात मार्च संपता संपता पारा चाळिशी गाठतो. माघातल्या पहाटे त्रास एवढाच, की चार माणसांच्या श्वासानं काचा आतून ओल्या होतात आणि छताच्या खिडकीच्या कडेला जमलेला थेंब नेमका कपाळावर पडतो. उपाय सोपा, झडप दोन बोटं उघडी ठेवायची आणि गोधडी वाढवायची.

तिथून उलट फिरून मोहोळमार्गे सोलापूरच्या बाजूला. मोहोळचं नाव ज्वारीशी जोडलेलं आहे. मालदांडी ३५-१ हा वाण स्वातंत्र्याआधीच इथल्या संशोधन केंद्रात निवडला गेला आणि आजही रब्बीला तोच पेरला जातो. सोलापूरचा पाऊस बेताचा, वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, तोही बराचसा सप्टेंबरातला. त्या ओलीवर ज्वारी पेरायची आणि काळ्या रानानं धरून ठेवलेल्या ओलाव्यावर ती थंडीत पिकवायची, असा इथला हिशेब. माघात कणसं दाणा धरून पिवळटलेली असतात. हुरड्याचे दिवस सरत आले होते, तरी एका उशिरा पेरलेल्या तुकड्यात कोवळी कणसं सापडली. शेतात खड्डा करून गोवऱ्यांची आगटी पेटवलेली, राखेत खुपसलेली कणसं, आणि ती हातावर चोळून दाणे मोकळे करणारी आजी. निखाऱ्यातून काढलेलं कणीस तिनं उघड्या तळव्यांत चोळलं, फुंकर मारून कूस उडवलं आणि पसाभर हिरवे दाणे शेंगदाण्याच्या चटणीशेजारी ठेवले. मुलानं चोळून पाहिलं तर त्याच्या हातात दाण्यांपेक्षा कूसच जास्त.

सोलापूर-बार्शी रस्त्यावर नान्नज. माळढोकाचं अभयारण्य म्हणून १९७९ पासून प्रसिद्ध. मोठं जंगल डोळ्यांपुढं आणून आलेल्याची इथं निराशाच व्हायची. दिसतो तो माळ, पवना-कुसळी-मारवेल अशा गवतांचा, मध्ये तारेची कुंपणं आणि पलीकडे लगेच शेतं. पण या माळाचा कागदावरचा आकार ऐकण्यासारखा आहे. सुरुवातीला अभयारण्य ८,४९६ चौरस किलोमीटरचं जाहीर झालं. उत्तर सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा हे तालुके आणि नगर जिल्ह्यातले कर्जत, श्रीगोंदा, नेवासे, एवढा पसारा. म्हणजे अण्णा नोकरीभर ज्या तालुक्यात राहिले तो माढाही अभयारण्याच्या यादीत. लोकांची खासगी शेतं, गावं, कारखाने सगळं त्यात आलं. जमीन विकायची, विहिरीला वीज घ्यायची, रस्ता करायचा तर अडचण. माळढोक दिसला तर पळवून लावा, नाहीतर जमीन जाईल, अशी भीती गावोगाव पसरली. अखेर सर्वोच्च न्यायालयापर्यंत प्रकरण जाऊन क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर पक्षी बराचसा संपला होता. इतका विस्तार एका पक्ष्यासाठी आखणं आणि त्याला लागणारे गवताचे मोजके तुकडे मात्र पुरेसे न राखणं, हा कारभार समजण्यापलीकडचा आहे.

माळढोक वर्षाला बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. दहा-पंधरा किलोचा नर, नजर बाजूला. समोरची विजेची तार त्याला वेळेत दिसत नाही. देशात आता दीडशेच्या आतबाहेरच उरले असावेत, बहुतेक राजस्थानात. नान्नजला तो दिसण्याची आशा धरून येऊ नये.

मग यायचं कशासाठी? संध्याकाळसाठी. काळवीटांचे कळप ज्वारीकडे सरकायला लागतात आणि त्याच वेळी भोवत्या पक्षी माळावर येतात. मध्य आशियाकडून थंडीत येणारे हे शिकारी पक्षी दिवसभर टोळ वेचत विखुरलेले असतात आणि रात्री गवतात, जमिनीवरच, एकत्र निजतात. सूर्य बुडताना एकेक पक्षी गवताच्या शेंड्यांवरून तरंगत येतो, दोन घिरट्या घालतो आणि अचानक खाली दिसेनासा होतो. दूर धनगराची मेंढरं, आणि मेंढरांमागं लांडगा असतोच, असं वनरक्षकाचं म्हणणं. दिवाळीनंतर धनगरांचे वाडे घोड्यांवर संसार लादून निघतात आणि रिकाम्या रानांत मेंढ्या बसवत फिरतात. लांडग्यांचं पोट बऱ्याच अंशी त्याच हालचालीवर.

सुनेचा भाद्रपद इथं मात्र खरा ठरला असता. पावसाळ्यात गवत कमरेएवढं वाढतं, चंडोल हवेत चढून गातात. जेव्हा माळढोक होते तेव्हा नराचं नाचणंही याच दिवसांत. पण चार टनांची गाडी काळ्या रानाच्या कडेला उतरवली, तर काढायला जेसीबी लागेल. माळाचा उत्तम हंगाम आणि गाडीचा उत्तम हंगाम एक नाहीत. हे कोडं सुटत नाही, त्यातलं एकच निवडावं लागतं.

वैरागवरून बार्शी. भगवंताचं मंदिर आणि डाळीचा बाजार यांसाठी गाव ओळखलं जातं. पुढं रस्ता बालाघाटाच्या डोंगरात शिरतो आणि येडशी येतं. रामलिंग घाटाचं हे अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरचं. श्रावणात इथं धबधबा आणि गर्दी. माघात सागाची पानगळ, माकडं आणि मोर. दहा मिनिटांत निघायचं असं ठरलेलं असताना चहावाल्यानं वाघाचा विषय काढला आणि तास गेला.

डिसेंबर २०२४ मध्ये या अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात वाघ टिपला गेला. पट्ट्यांची नोंद जुळवली तेव्हा तो यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला निघाला. साडेचारशे-पाचशे किलोमीटर, शेतांतून, महामार्ग ओलांडत. पुढं तो बार्शी तालुक्यातही फिरला, गुरं मारली, माणसं धास्तावली. पकडून सह्याद्रीत सोडायचे प्रयत्न झाले, पण तो महिनोन् महिने पथकांना चकवत राहिला. ज्या वाघासाठी कुर्डुवाडीची मंडळी पूर्वेला निघाली होती, त्याचाच एक भाऊबंद त्यांच्या शेजारच्या तालुक्यात येऊन बसला होता, आणि तोही त्यांच्याच वाटेनं उलटा चालत. त्यानं निवडलेला काळही ध्यानात घेण्याजोगा : पावसाळा सरलेला, ओढ्यांना पाणी, तूर आणि ऊस उभे. वाघाला दडून चालायला यापेक्षा बरा महिना कुठला?

लातूर, अहमदपूर, नांदेड, उमरखेड. नागपूर-रत्नागिरी महामार्ग चौपदरी झाल्यापासून मराठवाडा डोळ्यांपुढून भरभर निघून जातो. सोयाबीन निघून गेलेली मोकळी रानं, हरभरा, मग पैनगंगा ओलांडली की कापूस. यवतमाळात जिनिंगसमोर कापसाच्या गाड्यांच्या रांगा होत्या आणि रस्त्याकडेच्या बाभळींना उडालेला कापूस लटकला होता.

टिपेश्वर १४८ चौरस किलोमीटरचं. ज्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती असा इथला एक तरुण नर २०१९ मध्ये निघाला आणि नऊ महिन्यांत सुमारे तीन हजार किलोमीटर फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात स्थिरावला. जागा कमी, वाघ जास्त. वयात आलेल्या नरांना घर सोडावंच लागतं. गेटजवळ मुक्काम केलेल्या रात्री शेतकऱ्यांचे "होऽऽ" असे हाकारे पहाटेपर्यंत ऐकू येत होते. रानडुकरं हरभऱ्यात येतात म्हणून लोक मचाणावर जागतात. जंगलाबाहेर मुक्काम करणाऱ्याला जंगलाचा हा भाग फुकट ऐकायला मिळतो.

वणीवरून चंद्रपूर. कोळशाच्या खाणी, औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या, आणि त्यांच्या कुंपणात शिरणारे वाघ. शहर सोडून मोहर्लीकडे वळलं की डावीकडे इरई धरण. आत गेल्यावर रस्त्याच्या कडेनं जुने दगडी खांब उभे दिसतात. गोंड राजांच्या काळी त्यांतून दोर ओवून घंटा वाजवत निरोप पोहोचवत, असं गाइड सांगतो. ताडोबा हे राज्यातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५५ चं. अंधारी अभयारण्य जोडून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. तळ्याकाठी तारू या गोंड देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना तो मेला अशी कथा, आणि त्याच्याच नावावरून ताडोबा.

माघात साग निम्मा उघडा झालेला, बांबू अजून हिरवट, पळसाला पहिली केशरी फुलं आणि काटेसावर पेटलेली. मोहाचा मोसम अजून लांब. तो चैत्रात. तेव्हा पहाटे बायका टोपल्या घेऊन फुलं वेचायला रानात जातात, पाठोपाठ तेंदूपानांचा हंगाम येतो, आणि माणूस-वाघ गाठ पडण्याचे अपघात याच दिवसांत वाढतात. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा पंचेचाळिशीच्या पुढं जातो. पर्यटकाला वाघ सोपा होतो तो महिना गावकऱ्याला सर्वांत अवघड असतो, ही बाजू मुलाच्या वाचनात आलेली नव्हती.

वाघ दिसला. अर्धा. पाठीचा पट्टा आणि शेपटीचं टोक, बाकीचा पिवळ्या गवतात. गवत अजून उभं, पाणी ठिकठिकाणी, त्याला एका पाणवठ्यावर येऊन बसायची गरज नाही. गाइड म्हणाला, "मे महिन्यात या, पुरा दाखवतो." आईनं त्याला विचारलं, मे महिन्यात तू जेवतोस कधी आणि झोपतोस कधी. तो म्हणाला, झोप नाहीच.

परतीच्या वाटेवर पुढचे बेत ठरले. मुलगा उन्हाळ्यात एकटा येणार, गाडी न घेता, रेल्वेनं. आईला पुन्हा माघच हवा, पण तेव्हा चांदोलीच्या जंगलाकडे. आणि भाद्रपदात नान्नजचा माळ पाहायला सूनबाई आणि अण्णा कुर्डुवाडीहून सकाळच्या एसटीनं जाणार आहेत, डबा बांधून, संध्याकाळी घरी.